जुना पार्ट आणलाय का?

मिक्सरचा जार उलटा केला की तळाशी एक छोटं दातेरी चाक दिसतं. त्याचा जोडीदार खाली मोटरच्या दांड्यावर बसलेला असतो. दुकानात या जोडीला कपलर म्हणतात. मोटरचा जोर पात्यापर्यंत पोचवणं हे त्याचं रोजचं काम. त्याखेरीज आणखी एक जबाबदारी त्याच्यावर टाकलेली असते. जारमध्ये हळकुंड अडकलं, सुकं खोबरं ठासून भरलं आणि पातं जागच्या जागी थांबलं, की आत कुणाला तरी इजा होणार हे नक्की असतं. ती कुणाला व्हावी हे मिक्सर बनवणाऱ्याने कागदावर रेघा मारतानाच ठरवलेलं असतं. कपलरचे दाते झडतात आणि मोटर वाचते. पन्नासेक रुपयांच्या तुकड्याने हजारोंची वस्तू वाचवायची, अशी ती योजना आहे. मला ती फार आवडते.

घरात नीट पाहिलं तर असे भाग जागोजाग सापडतात. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमधली बारीक तार वितळण्यासाठीच असते. मिक्सरच्या मोटरमधले कार्बन, म्हणजे फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यापेक्षा (कम्युटेटरपेक्षा) मऊ ठेवलेले असतात. एकमेकांवर घासून कुणीतरी संपायचंच आहे, तर ते बदलता येणाऱ्या कार्बनने संपावं. नळातलं रबरी वायसर पितळी बैठकीपेक्षा मऊ असतं ते याच कारणाने. आणि कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तर या सगळ्यांचा शिरोमणी. शिट्टीची वाट तुंबली किंवा आतलं पाणी संपलं, की त्यातला कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळते.

हे भाग झिजणार, जळणार, वितळणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणूनच मला वाटतं की तो भाग पुढची पंधरा-वीस वर्षं मिळत राहणं हा त्या वस्तूच्या रचनेचाच भाग आहे. वस्तू कुठे तुटावी हे ज्याने ठरवलं, त्याने ती पुन्हा उभी राहण्याची सोयही ठेवायला हवी. घरातली बरीचशी दुरुस्ती मी स्वतः करते, आणि इतक्या वर्षांत मला हे पक्कं कळलंय की हाताचं काम त्यामानाने लवकर येतं. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा, खटका कुठे दाबायचा, हे शिकता येतं. घोडं अडतं ते पार्ट मिळण्यापाशी.

माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लेथवर काम करायचे. घरातली वस्तू बिघडली की ते आधी ती उघडून बिघडलेला भाग हातात घ्यायचे, पुसायचे आणि मग खिशात टाकायचे. 'जुना पार्ट खिशात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही, बाळ,' हा त्यांचा नियम. दुकानात मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर उद्यमनगरमध्ये दुसरी वाट होतीच. टेबल फॅनचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजून गेलं होतं तेव्हा त्यांनी गनमेटलच्या दांड्याच्या तुकड्यातून नवं उतरवलं आणि पंख्याला बसवलं. शाळेतून येताना मी लेथपाशी थांबून ती पिवळी, कुरळी चीप निघताना बघत राहायची. पार्ट नसला तर करता येतो, हे तेव्हाच मनात जाऊन बसलं.

पुण्यात आल्यावर बाबांचा तो नियम मला तपकीर गल्लीत ऐकू आला. बुधवार पेठेतली ही गल्ली विजेच्या सामानाची. दोन्ही बाजूंना दुकानं, वर लटकलेली वायरची वेटोळी, खाली माणसांची दाटी. तिथे काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, 'ताई, जुना पार्ट आणलाय का?' कंपनीचं नाव सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या मिक्सरमध्ये मधल्या काळात कपलरच्या दात्यांची संख्या बदललेली असू शकते. दांड्याचं भोक गोल की चौकोनी, आटे सुलटे की उलटे, हे तोंडी सांगण्यात चुकतं. (मोटरवरच्या कपलरचे आटे बऱ्याच मिक्सरमध्ये उलटे असतात, म्हणजे फिरता फिरता तो सैल होण्याऐवजी घट्ट बसत जातो. काढताना हे ठाऊक नसलं तर माणूस जोर लावून लावून दमतो.) झिजलेला तुकडा दुकानदाराच्या तळहातावर ठेवला, की तो अंगठ्याने चाचपतो, मागे वळतो आणि शेकडो डब्यांमधून एक डबा काढतो. त्या डब्यावर काहीही लिहिलेलं नसतं.

ही माणसं माझ्या दृष्टीने फार मोलाची आहेत. कुठला भाग कुठल्या यंत्राला चालतो, कुणाचा जार कुणाच्या मोटरवर बसतो, बंद पडलेल्या कंपनीचं पातं आता कोण बनवतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. कुठल्याही पुस्तिकेत ते सापडायचं नाही. मुंबईत लोहार चाळीत, नागदेवी स्ट्रीटवर, लॅमिंग्टन रोडवर हाच अनुभव येतो. माझ्याकडे आता पन्नास रुपये जास्त देण्याची तयारी असते, कारण त्या पन्नास रुपयांत तो गाळा टिकतो.

पार्ट मिळाला नाही म्हणून काय काय घडू शकतं, याची एक गोष्ट मराठी स्वयंपाकघरांच्या अगदी जवळची आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बंद पडला. आपल्याकडची वाटणं, भिजवलेल्या डाळी, कोरडे मसाले, हे काम त्या मोटरला झेपणारं नव्हतं, आणि तो मिक्सर दुरुस्त करून देणारं कुणी इथे नव्हतं. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंते होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी मोटर आणि जार स्वतःच घडवायला घेतला. त्यातून १९६३मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे 'सुमीत' घरोघर पोचला. पाटा-वरवंटा स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेला तो या मिक्सरमुळे. सुमीतचे दिवस सरले, तरी जुन्या सुमीतचं पातं, जारचं रबर, कपलर यांची मागणी घेऊन लोक दुकानांत येतात. मूळ कारखान्याने सोडलेलं काम छोट्या कारखानदारांनी चालू ठेवलंय.

आता पंख्याकडे वळते. घरातल्या दुरुस्तीत पंख्याइतकं समाधान मला दुसऱ्या कशात मिळत नाही. पंखा हळू फिरू लागला तर बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा, म्हणजे कपॅसिटरचा असतो. वरच्या वाटीत तो काळा किंवा पांढरा ठोकळा बसवलेला असतो, त्यावर २.५ मायक्रोफॅरॅड असा आकडा छापलेला असतो, तोच आकडा मागायचा. वेग वाढावा म्हणून कुणी ३.१५चा बसवायला सांगितलं तर ऐकू नये, त्याने वाइंडिंग तापतं. मेन स्विच बंद करायचा, कंडेन्सरच्या दोन टोकांतला साठलेला करंट उतरवायचा, मग हात लावायचा.

पण पंखा घरघरू लागला तर बेअरिंग. ते बदलायला पंखा खाली उतरवावा लागतो, पाती सोडवावी लागतात, पोटाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. वेगळे करण्याआधी दोन्ही भागांवर एकच रेघ मारून ठेवायची, म्हणजे जोडताना ते होते तसेच बसतात. आत दांड्यावर बेअरिंग असतं, आणि त्याच्या कडेवर धूळ पुसली की आकडा दिसतो: ६२०२. हा आकडा मला ज्या दिवशी उलगडला तो दिवस मी विसरणार नाही. पहिला ६ म्हणजे एका रांगेत गोळ्या असलेलं बेअरिंग. २ म्हणजे त्याची मालिका, त्यावरून बाहेरचा घेर आणि जाडी ठरते. शेवटचे ०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर. ००ला १०, ०१ला १२, ०२ला १५, ०३ला १७, आणि ०४पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं: ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. ६२०२ हे १५ बाय ३५ बाय ११ मिलिमीटर. शेवटी झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस असेल तर रबराची.

याचा अर्थ असा की साताऱ्यातल्या पंख्याचं बेअरिंग स्वीडनमध्ये, जपानमध्ये किंवा पुण्याजवळच्या एमआयडीसीत तयार झालं तरी मिलिमीटरच्या बारीक अंशापर्यंत तेच बसणार. पंखा बनवणारी कंपनी उद्या नाहीशी झाली तरी ६२०२ राहणार. हे कुणीतरी ठरवलं, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांनी ते मान्य केलं, आणि त्या कराराचा लाभ माझ्या हॉलमधल्या पंख्याला मिळतोय. नवं बेअरिंग बसवताना पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून हलके ठोकायचं. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, मग नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. खोक्याकडेही बघून घ्यावं. नामांकित नावाची बनावट बेअरिंगं बाजारात आहेत, म्हणून ओळखीच्या दुकानातून बिलासह घेतलेलं बरं.

असाच एक जुना करार नळातही आहे. आपण अर्ध्या इंचाचा नळ म्हणतो, पण आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर तो जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. तो अर्धा इंच मूळच्या लोखंडी पाइपच्या पोकळीचा होता. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये आट्यांचं एकच माप सगळ्यांनी वापरावं असं सुचवलं. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थच्या ५५ अंशांच्या आट्यांवरूनच पुढे पाइपांचं माप बेतलं गेलं, अर्ध्या इंचाला एका इंचात १४ आटे. सदाशिव पेठेतल्या वाड्यातला पितळी नळ काढून तिथे आजचा चकचकीत नळ बसतो तो त्यामुळे. तेव्हा सूत आणि सफेदा लावायचे, आता टेफ्लॉन टेप, एवढाच फरक. नळाच्या पोटातली गोष्ट मात्र बिघडली आहे. जुन्या नळाचं वायसर किराणा दुकानातही मिळायचं. आताच्या पाव फेऱ्याच्या नळात सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि मॉडेल बदललं की कार्ट्रिजही बदलतं. नळ घेताना त्याच्या जोडीला एक जादा कार्ट्रिज घेऊन ठेवावं, असं मी सगळ्यांना सांगते.

आईचं शिलाई मशीन माझ्याकडे आहे. काळं, सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेलं. त्याची धाटणी सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलची, एकोणिसाव्या शतकातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी हीच धाटणी सर्वांसाठी प्रमाण ठरवून लाखो मशीनं काढली, आपल्याकडच्या घरगुती काळ्या मशीनांचा साचाही तोच. म्हणून तिची बॉबिन, बॉबिन केस, चपट्या दांड्याची सुई, चामडी पट्टा, सगळं आजही मिळतं. लुधियानात या मशीनांचे भाग बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांचा माल गावोगावच्या शिलाई मशीनच्या दुकानांत पोचतो. पुढच्या पिढीत कुणी शिवायला बसलं तर या मशीनला भाग कमी पडणार नाहीत, असं मी खात्रीने म्हणू शकते. घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूबद्दल असं म्हणता येईल?

वॉशिंग मशीनबद्दल तर नाहीच. आमचं समोरून दार असलेलं मशीन पिळताना विमानासारखा आवाज करू लागलं, तेव्हा ड्रमचं बेअरिंग गेलंय हे ओळखायला अवघड नव्हतं. बेअरिंग साधं, आकड्याचं, कुठेही काही शे रुपयांत मिळणारं. मशीन उघडलं, वरचं वजन काढलं, स्प्रिंगवरून टब उतरवला, आणि तिथे काम थांबलं. टबचे दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले नव्हते. प्लॅस्टिक वितळवून कायमचे सांधलेले होते. बेअरिंग समोर दिसत होतं, पण तिथवर जायला वाट ठेवलेली नव्हती. कंपनीला फोन केला तर बेअरिंग वेगळं मिळत नाही, टबची पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल असं उत्तर आलं, आणि तिची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याच्या जवळ जाणारी होती. काही कारागीर असा टब करवतीने कापून, बेअरिंग बदलून, पुन्हा बोल्ट मारून सील करतात. त्यांच्या हिमतीचं मला कौतुक आहे. पण झिजणारच असलेला भाग कापाकापीशिवाय निघू नये, ही रचना मला अन्यायाची वाटते. इथे कुणीतरी नेमका उलटा निर्णय घेतला आहे.

'असेंब्ली' हे प्रकरण आता सगळीकडे पसरलंय. फ्रिजच्या दारातलं प्लॅस्टिकचं क्लिप हवं तर अख्खा कप्पा घ्या, खटक्याची स्प्रिंग हवी तर अख्खं हँडल घ्या. नव्या बीएलडीसी, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी मोटर असलेल्या पंख्यांबाबत माझं मन दुभंगलेलं आहे. जुना पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज खातो, हे निम्म्याहून कमी खातात, तेव्हा ते यायलाच हवेत. आत बेअरिंग तेच आकड्याचं असतं. पण मोटर चालवणारं सर्किट प्रत्येक कंपनीचं आपापलं. २.५ मायक्रोफॅरॅडसारखा एखादा आकडा या सर्किटांनाही मिळाला, तर मी घरातले सगळे पंखे आनंदाने बदलीन.

प्लॅस्टिकच्या तुटलेल्या तुकड्यांवर एक नवा इलाज मात्र हाती आलाय, आणि तो मला बाबांच्या लेथच्या फार जवळचा वाटतो. माझ्या भाचीकडे थ्रीडी प्रिंटर आहे. ओव्हनचं बटण फुटलं, कंपनीकडे नव्हतं. बटणाच्या आत ६ मिलिमीटरचा, एका बाजूने चपटा दांडा जातो. व्हर्निअरने ते माप घेतलं, चपट्या बाजूची खोली मोजली, तिने संगणकावर आकृती काढली आणि संध्याकाळपर्यंत बटण हातात आलं. कुठलं प्लॅस्टिक वापरायचं हे महत्त्वाचं. नेहमीचं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून ओव्हनजवळ ते उपयोगाचं नाही, जास्त उष्णता सोसणारं घ्यावं लागतं.

काही ठिकाणी मात्र मी माझ्या कलाकारीला हात घालू देत नाही. कुकर हे त्यातलं पहिलं. घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्याचं प्रमाण आयएस २३४७. हे प्रमाण अख्ख्या कुकरचं आहे: झाकण, रिंग, शिट्टी आणि व्हॉल्व्ह एकमेकांना जुळतात तेव्हाच तो सुरक्षित. म्हणून रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे घ्यावेत. गॅसच्या नळीचं आणि रेग्युलेटरचं काम एजन्सीच्या माणसाकडे. मायक्रोवेव्ह प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विजेचा दाब धरून असतो, तो मी उघडत नाही. परदेशातले आमचे नातेवाईक पुण्याहून परतताना बॅगेत कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या घेऊन जातात, चटणी-मसाल्यांच्या शेजारी, ते मला अगदी रास्त वाटतं.

कायद्याच्या बाजूने थोडं हलू लागलंय. युरोपीय संघाने २०२१पासून वॉशिंग मशीनच्या कंपन्यांवर बंधन घातलं की ते मॉडेल बाजारात यायचं थांबल्यावरही किमान १० वर्षं ठरावीक सुटे भाग द्यायचे, आणि मागणीनंतर १५ कामकाजी दिवसांत पोचवायचे. फ्रिजच्या दाराच्या रबरालाही १० वर्षं. आपल्याकडे २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. जुलै २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली, आणि त्याच वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू झालं. चांगली सुरुवात आहे. पण सर्व्हिस सेंटरचा नंबर मिळून माझं काम होत नाही. मला हव्यात तीन गोष्टी: भागाची आकृती, त्याचा क्रमांक आणि किंमत, तीही वस्तू विकत घेण्याआधी. आणि टबसारख्या गोष्टी उघडता येतील अशाच बनवल्या पाहिजेत, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

तोवर हे प्रश्न मी दुकानात विचारते. नवं मशीन घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा कपड्यांच्या वजनाबद्दल, फेऱ्यांबद्दल, मोबाइल ॲपबद्दल सांगत होता. मी त्याला विचारलं, टब बोल्टने जोडलेला आहे की सांधलेला? दाराचं रबर सुटं मिळतं का, केवढ्याला? पाणी बाहेर टाकणारा पंप सुटा मिळतो का? त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, पण पोरगं जिज्ञासू निघालं. त्याने एकेका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. दोघांनी घरी माणूस पाठवतो एवढंच सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी एक बाई फोनवर आल्या, त्यांनी मॉडेल विचारलं, टबला बोल्ट आहेत म्हणाल्या, रबर आणि पंपाचे क्रमांक किमतीसह सांगितले. त्या मुलाने ते बिलाच्या मागे लिहून घेतले. तेच मशीन घरी आलं.